रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी दुखतं

(युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. बोलता बोलता मी मध्येच चालायला लागेन, कधी या टेबलाला टेकेन. वीस मिनिटांच्या वर मला एका जागी बसता येत नाही आणि उभंही राहता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला असंच होत असेल तर खुशाल उठा, मागे जाऊन उभे राहा, चटईवर आडवे झालात तरी मला वाईट वाटणार नाही. संयोजकांना मी आधीच विचारून घेतलंय.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय चौतीस. डॉक्टर नाही. त्यामुळे भाषण संपल्यावर कुठली गोळी घेऊ, असं मला विचारू नका. मी रुग्ण म्हणून बोलणार आहे, आणि रुग्ण झाल्यावर जे वाचत गेलो त्यातलं थोडं सांगणार आहे.

सहा वर्षांपूर्वी पुण्यात एका सकाळी बुटाची लेस बांधायला वाकलो आणि कंबरेत सणक भरली. त्याआधी दोन महिने एका प्रोजेक्टसाठी रोज बारा-बारा तास बसत होतो. तीन आठवड्यांत बरं वाटलं. मग पुन्हा दुखलं, पुन्हा बरं वाटलं. तिसऱ्या वेळी जे आलं ते गेलंच नाही. एमआरआय काढला. एक डॉक्टर म्हणाले, मणक्यात गॅप आहे. दुसरे म्हणाले, गादी जराशी सरकलीय, पण हे चालायचंच. तिसऱ्यांनी फिल्म उजेडात धरली, खाली ठेवली आणि म्हणाले, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे. टेन्शन कमी घ्या." मी बाहेर आलो तो चिडूनच. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मी खोटं बोलतोय का?

तीन महिन्यांच्या वर टिकणाऱ्या किंवा परत परत येणाऱ्या दुखण्याला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. ती किती जणांना असते? मी शोधायला लागलो तेव्हा मला वाटलं होतं, शंभरात दोन-चार. युरोपात केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत १९ टक्के प्रौढांना असं दुखणं होतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेचा २०२१ चा आकडा २०.९ टक्के आहे, म्हणजे पाच कोटींहून जास्त माणसं. त्यातही ६.९ टक्के लोकांचं दुखणं रोजचं काम अडवणारं. भारतातल्या पाहण्यांमध्ये हा आकडा १३ ते १९ टक्क्यांच्या आसपास येतो. प्रत्येक पाहणीची पद्धत वेगळी, प्रश्न वेगळे, म्हणून आकडा हलतो. पण ढोबळमानाने सात-आठ जणांत एक ते पाच जणांत एक. नुसत्या कंबरदुखीचं बघायचं तर २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना ती होती आणि माणसाला अधू करणाऱ्या कारणांत तिचा नंबर पहिला आहे.

इथे बसलेले बहुतेक विशीतले आहेत, त्यामुळे या हॉलमध्ये कमी असतील. पण घरी गेल्यावर मोजा. अब्बा, अम्मी, दादी, खाला, फुफू, भाभी. जवळपास सगळ्या पाहण्यांत हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांत जास्त सापडतं. आणि आपल्या घरात बोलतं कोण? बाहेरच्या खोलीत पाय पसरून "आई गं" करणारा बहुतेक वेळा पुरुष असतो. हे मी माझ्याच अनुभवावरून म्हणतोय, त्याकडे येतो.

आधी रिपोर्टचं. दुखतंय पण फोटोत काही दिसत नाही, हे कसं? २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना पाठीचं काहीच दुखणं नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या मणक्यांचे स्कॅन त्यात एकत्र तपासले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांच्या. दुखत मात्र कुणालाच नव्हतं. म्हणजे स्कॅनमध्ये काहीतरी दिसलं म्हणून ते दुखेलच असं नाही आणि काही दिसलं नाही म्हणून दुखत नाही असंही नाही. "गॅप आलाय" हे ऐकून आयुष्यभर वाकायला घाबरणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यातला एक मीच.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. आम्ही सर्व्हरवर लक्ष ठेवायला अलार्म लावतो. लोड नव्वद टक्क्यांच्या वर गेला की ज्याची ड्यूटी असेल त्याचा फोन वाजतो. आता समजा कुणीतरी ही मर्यादा नव्वदवरून वीसवर आणली. सर्व्हर ठणठणीत आहे, पण फोन रात्री तीन वाजताही वाजणार. जुनाट दुखण्यात पुष्कळदा असंच होतं. इजा भरून येते, पण नसा, मणक्यातली मज्जारज्जू आणि मेंदू यांनी मिळून ती मर्यादा खाली आणलेली असते. साधं वाकणं, साधा स्पर्शही अलार्म वाजवतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ मध्येच मांडलं होतं की वेदना ही जखमेपासून मेंदूपर्यंत सरळ येणारी तार नाही, वाटेत दारं आहेत आणि ती उघडतात, मिटतात. झोप, भीती, काळजी यांचा त्या दारांवर परिणाम होतो. "टेन्शन घेऊ नका" म्हणणारे डॉक्टर म्हणजे पूर्ण चुकीचे नव्हते. चूक एवढीच की त्यांच्या बोलण्यातून मला ऐकू आलं, तुला काही झालेलंच नाही. अलार्म चुकीच्या मर्यादेवर लावलाय हे कबूल, पण फोन खरंच वाजतो आणि झोप खरंच मोडते.

प्रत्येक दुखणं असं नसतं, हेही सांगायला हवं. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद जाणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, आधी कधी कॅन्सर झालेला असणं, यातलं काही असेल तर भाषणं ऐकत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वेदना या विषयाचं वेगळं वैद्यकशास्त्र उभं करणारा माणूस कुस्तीगीर होता, हे मला वाचून फार आवडलं. आम्ही कोल्हापूर भागातले, कुस्ती म्हटलं की कान टवकारतो. जॉन बोनिका. इटलीत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला. डॉक्टरकीच्या शिक्षणाचा खर्च भागवायला मुखवटा घालून कुस्त्या खेळायचा. पुढे भूलतज्ज्ञ झाला, दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिक बघितले, १९५३ मध्ये वेदनेच्या उपचारांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि १९७३ मध्ये वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. कुस्तीतल्या इजांमुळे तो स्वतः अर्धं आयुष्य दुखणं घेऊन जगला. त्याच संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. सोबतच्या टिपणांत एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: माणूस सांगतो की मला दुखतंय, तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, जुनाट वेदनेला स्वतःची जागा मिळाली. आता ती दुसऱ्या आजाराची नुसती खूण राहिलेली नाही.

आता माझ्या घरात या.

आम्ही इचलकरंजीचे. अब्बांनी यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या. अम्मी घरी परकर शिवायची, अजूनही शिवते, डझनावर पैसे. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि मी लॅपटॉप घेऊन घरी आलो. येताना चौदा हजारांची खुर्ची मागवली, कंबरेला आधार असलेली. बाहेरच्या खोलीत खिडकीशी ती लावली. तिथून चार फुटांवर अम्मीची मशीन आणि तिच्यासमोर लाकडी स्टूल. रोज रात्री अम्मी माझ्या कंबरेला तेल लावून द्यायची. मी मोबाइलवर दुखण्याची नोंद ठेवायचो: सकाळी चार, दुपारी सहा, रात्री सात. पुढे त्याची एक्सेल शीटही केली.

एका रात्री तीन वाजता झोप मोडली. चालावं म्हणून उठलो तर स्वयंपाकघरात दिवा. अम्मी तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधून खांदा शेकत बसली होती.

"काय झालं अम्मी?"

"कुछ नई रे, नींद नई आती."

"कब से है ये?"

ती जरा थांबली. "तेरे दसवी के टैम से."

माझी दहावी होऊन तेव्हा तेरा-चौदा वर्षं झाली होती. मी मोजलं आणि मला बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी खोदून विचारलं तेव्हा कळलं की उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वरच्या फळीवरचे डबे, पातेली कधीच खाली आली होती. आम्हाला वाटायचं, अम्मीने घर नीट लावलंय. वेणी घालायचं तिने किती वर्षांपूर्वी सोडलं होतं. डोक्यावर ओढणी असते, कुणाला दिसलंच नाही. चार फुटांवर बसून मी माझ्या आकड्यांचा आलेख काढत होतो.

मी तिला रागावून विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "सांगून काय होणार होतं? परकर कोण शिवणार?" या उत्तराला माझ्याकडे आजही उत्तर नाही. माझ्याकडे आजारपणाची रजा होती, कंपनीचा विमा होता, घरून काम करायची मुभा होती. तिचे पैसे डझनावर. माग, बिडी, शिलाई, जरी, आपल्या वस्त्यांमधली बरीच कामं नगावर आणि पाळीवर चालतात. तिथे दुखणं कबूल करणं म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडणं. आपण त्याला "सब्र" असं मोठं नाव देतो. मला त्यात सब्र कमी आणि हिशोब जास्त दिसतो.

कायद्याचंही सांगतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्यात २१ प्रकार दिले आहेत. जुनाट वेदना त्यात नावाने नाही. त्यामुळे ऑफिसात सवलत मिळणं साहेबाच्या मनावर. मी ज्या टीममध्ये होतो तिथे एकदा मला सुनावलं गेलं, "काल तर मॅच बघायला गेला होतास." हो, गेलो होतो. तीन तास बसलो आणि नंतर दोन दिवस त्याची किंमत मोजली. बरं वाटतंय त्या दिवशी आम्ही माणसांत येतो, दुखतंय त्या दिवशी घरात असतो. मग लोकांना फक्त बरे दिवसच दिसतात.

रोजच्या जगण्यात दुखणं म्हणजे नुसतं दुखणं नसतं, सतत आकडेमोड असते. एसटीत जागा मिळेल का? गॅस सिलिंडर कोण उचलेल? ईदला कुणाच्या घरी खाली दस्तरख्वान असतो आणि कुणाच्या घरी टेबल, हे मला तोंडपाठ आहे. शीरखुर्मा सगळीकडचा चांगलाच असतो, पण मी सोफ्याच्या घरी जास्त वेळ थांबतो. झोप अर्धवट, त्यामुळे चिडचिड. चिडचिड झाली की घरचे लांब राहतात. मित्र दोनदा बोलावतात, तुम्ही दोनदा नाही म्हणता, तिसऱ्यांदा फोन येत नाही. नैराश्य आणि जुनाट वेदना पुष्कळदा हातात हात घालून येतात, याचं नवल वाटू नये.

मशिदीतलं सांगू? मी बत्तिशीत खुर्चीवर नमाज पढायला लागलो. सफेच्या टोकाला चार म्हातारे आणि मी. एक चाचा हसत म्हणाले, "जवान आदमी, कुर्सी पे?" वाईट हेतू नव्हता, पण पुढचे दोन जुमे मी सजद्याला वाकलो आणि नंतर रिक्षातून आडवा होऊन घरी आलो. मग मला इमरान बिन हुसैन या सहाबींची हदीस आठवली, आपण सगळ्यांनी मदरशात ऐकलेली. त्यांना व्याधी होती, त्यांनी नमाजाचं विचारलं. उत्तर मिळालं की उभं राहून पढा, ते जमत नसेल तर बसून, तेही नसेल तर कुशीवर. जमतं की नाही हे त्यांच्यावरच सोडलं होतं. रिपोर्ट कुणी मागितला नव्हता.

लग्नाचं तर विचारूच नका. माझ्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली तेव्हा घरात ठरलं, कंबरेचं कुणाला बोलायचं नाही. मी दुसऱ्या भेटीत मुलीला सगळं सांगून टाकलं. तिच्या घरून होकार आला, पण मला माहीत आहे की हेच एखाद्या मुलीने सांगितलं असतं तर काय झालं असतं. माझ्या ओळखीत अशी मुलगी आहे जिला पाळीच्या वेळी दर महिन्याला तीन दिवस उठता येत नाही. तिच्या घरचे तिला दवाखान्यात नेत नाहीत, कारण फाइल तयार होईल आणि फाइलची बातमी होईल. तिचं वय बावीस आहे.

शब्दांबद्दल थोडं. मेलझॅकने १९७५ मध्ये वेदना मोजायची एक प्रश्नावली केली, तिच्यात दुखण्याचं वर्णन करणारे ७८ शब्द आहेत. मी ती वाचताना मराठी शब्द लिहीत बसलो. ठणका, कळ, चमक, सणक, उसण, ठुसठुस, जळजळ, चुरचुर, मुंग्या, बधिर होणं, आखडणं, अवघडणं, भरून येणं. डॉक्टरला यातून खरंच कळतं. आग आणि मुंग्या म्हटलं की त्यांचं लक्ष नसांकडे जातं, सकाळी उठल्यावर तासभर सांधे आखडतात म्हटलं की संधिवाताकडे. आणि आपण दवाखान्यात जाऊन काय सांगतो? "जरा दुखतंय." अम्मीला मी पहिल्यांदा नेलं तेव्हा तीही हेच म्हणाली. मी शेजारून म्हणालो, वेणी घालता येत नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि खांदा तपासायला घेतला. म्हणून कुणाला दवाखान्यात नेणार असाल तर दुखणं किती यापेक्षा काय करता येत नाही, ते सांगा.

गोळ्यांबद्दल मी फक्त एक धोका सांगतो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या पेनकिलर महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात अल्सर होतो आणि किडनीवर परिणाम होतो. डायक्लोफेनॅक आठवतंय? तेच औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन आपल्याकडची गिधाडं किडन्या निकामी होऊन मेली, आणि २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आणली. माणसाचं शरीर गिधाडाचं नाही, मान्य, पण गोळी म्हणजे शेंगदाणे नव्हेत. आणि सांधेदुखीच्या "देशी" पुड्या, ज्यांनी दोन दिवसांत जादू होते, त्यांच्यात स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. अम्मीच्या डब्यातही अशी पुडी निघाली. कुणी दिली ते तिने अजून सांगितलेलं नाही.

मग उपाय काय? मोठ्या सरकारी आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत पेन क्लिनिक असतं, बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञ चालवतात. केसपेपर काढतानाच विचारा. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये, ज्याचं दुसरं कारण सापडत नाही अशा जुनाट वेदनेसाठी, मार्गदर्शन दिलं: व्यायाम, बोलून केले जाणारे मानसोपचार, काहींना नैराश्यावरच्या गोळ्यांपैकी काही. पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर आणि अफूपासूनची औषधं नव्याने सुरू करू नयेत, असंही त्यात म्हटलंय. डॉक्टरने नैराश्यावरची गोळी लिहिली तर तुम्हाला वेडं ठरवलं असं समजू नका, त्यातल्या काही गोळ्या वेदनेच्या त्या दारांवर काम करतात. मीही पहिली चिठ्ठी फाडून टाकली होती. आठ महिन्यांनी परत तीच लिहून घेतली.

मी बरा झालो नाही. माझा सातचा आकडा आता तीन-चारवर असतो. सगळ्यात जास्त उपयोग चालण्याचा झाला, आणि बरं वाटेल त्या दिवशी दोन दिवसांचं काम न उरकण्याचा. हे दुसरं फार अवघड आहे.

अम्मीचा खांदा इतकी वर्षं न हलवल्यामुळे आखडला होता. फिजिओथेरपिस्टने भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम दिला. मशीनशेजारच्या भिंतीवर ती पेन्सिलने खूण करते, बोट कुठवर गेलं त्याची. रंग खराब होतो म्हणून अब्बा आधी ओरडले, मग एक दिवस स्वतःच पट्टी घेऊन खुणांमधलं अंतर मोजत बसलेले मला दिसले. स्टूल काढून पाठ असलेली खुर्ची ठेवलीय. माझी चौदा हजारांची तिला नको होती, उंच होते म्हणाली. गेल्या ईदला तिने वेणी घातली, शेवटचा पेड माझ्या बायकोने घातला. पाहुणे आले की अजूनही ती "कुछ नई" म्हणते.

बावीस वर्षांच्या त्या मुलीचं काय करायचं, हे मला तुम्हालाच विचारायचंय. तुमच्यात डॉक्टर होणाऱ्या मुली आहेत, सोशल वर्क शिकणाऱ्या आहेत. तिला मुलींच्या सोबतीने, घरच्यांचा बोभाटा न होता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेता येईल का? चहाच्या वेळी मला भेटा. आता मी पाच मिनिटं चालून येतो, तोवर प्रश्न चिठ्ठीवर लिहून ठेवा.